ग्रीन टी कडू जहर होतो काका, काय करू?

मागच्या अंकात चहापत्ती डब्यात कशी ठेवायची ते लिहिलं होतं आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली होती की ग्रीन टी असेल तर तो उकळू नका. बस, त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की दुधाच्या चहाबद्दल कुणी काही विचारलंच नाही. तीसेक वर्षं भुसावळला सुटी चहापत्ती विकली मी, आता मुलगा बसतो दुकानावर, पण ग्रीन टी परत करायला आलेलं गिऱ्हाईक अजून माझ्याच अंगावर घालतो तो, त्यामुळे या विषयाची सवय आहे. सगळे प्रश्न घेता येणार नाहीत, सारखे सारखे होते ते एकत्र केलेत.

काका, मुलीने पुण्याहून ग्रीन टीचा डबा आणलाय. मी आपली नेहमीसारखी भगोन्यात पाणी ठेवते, उकळी आली की दोन चमचे पत्ती टाकते, चांगला रंग येईपर्यंत पाच मिनिटं उकळू देते आणि वर झाकण. हे म्हणतात यापेक्षा कडुनिंबाचा रस बरा, तो निदान पाडव्याला एकदाच प्यावा लागतो. माझं चुकतं कुठं?
— एक गृहिणी, अमळनेर

ताई, तुमची कृती दुधाच्या चहाची आहे, आणि दुधाच्या चहासाठी ती शंभर टक्के बरोबर आहे. हा माल वेगळा आहे एवढंच.

म्हणजे झाड एकच बरं का, काळी पत्ती आणि ग्रीन टी दोन्ही एकाच झाडाची पानं. फरक पान तोडल्यानंतर पडतो. आपण भरिताचं वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं ना, तसंच चहाचं पान चुरडून हवेत ठेवलं की तांबूस काळं होतं, ती आपली नेहमीची पत्ती. ग्रीन टीत हे होऊच देत नाहीत, पान तोडलं की लगेच त्याला गरमी देतात, चीनमध्ये तापलेल्या कढईत परततात आणि जपानमध्ये वाफ देतात, म्हणजे काळं पाडणारी जी क्रिया आहे ती तिथंच बंद होते आणि पान हिरवं राहतं. पण हिरवं राहिलं म्हणजे त्यातलं कडू-तुरट द्रव्यही तसंच कच्चं राहिलं. त्याला कॅटेचिन म्हणतात. १९२९ साली मिचियो त्सुजिमुरा नावाच्या जपानी बाईंनी ते ग्रीन टीतून वेगळं काढून दाखवलं, पुढे १९३२ ला जपानमध्ये शेतीशास्त्रातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

काळ्या पत्तीत हे कॅटेचिन बरंचसं बदलून गेलेलं असतं, वरून आपण दूध घालतो, दुधातलं प्रोटीन उरलासुरला तुरटपणा धरून ठेवतं, साखर बाकीचं झाकते, म्हणून तो चहा कितीही उकळा चालतो. ग्रीन टीला ना दूध ना साखर, त्याने लपायचं कुठं?

आता गंमत अशी की या पानात एक गोडसर चवीचं द्रव्यही असतं, थिॲनिन, ते १९४९ मध्ये जपानमध्येच सापडलं. थिॲनिन कोमट पाण्यातसुद्धा आरामात उतरतं. कॅटेचिन आणि कॅफिन यांना मात्र जास्त गरमी लागते, पाणी जितकं तापलेलं तितके ते जोरात उतरतात. म्हणजे पाणी थोडं निवलेलं घेतलं तर गोड आधी येतं आणि कडू मागे राहतं, आणि खळखळ उकळत ठेवलं तर सगळंच खरवडून निघतं. सगळा खेळ एवढाच आहे.

तर करायचं असं. एक कप पाणी म्हणजे दीडशे मिली धरा, त्याला एक छोटा चमचा सपाट पत्ती, दोन ग्रॅमच्या आसपास भरते, दोन चमचे नको. पाणी ७५ ते ८० डिग्री. पत्तीवर पाणी ओतायचं, दीड ते दोन मिनिटं झाकून ठेवायचं आणि पूर्ण गाळून घ्यायचं, पत्ती पाण्यात राहू द्यायची नाही. गॅसवर फक्त पाणी तापवायचं, पत्ती गॅसवर जाताच कामा नये.

डिग्री मोजायला थर्मामीटर कुठून आणू असं तुम्ही म्हणणारच. नको आणू. भगोन्याच्या तळाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसले आणि थोडी वाफ निघायला लागली की ७० च्या पुढे गेलं समजा, ज्वारीच्या दाण्याएवढे बुडबुडे सुटून वर यायला लागले की ८० च्या आसपास, तिथं गॅस बंद. किंवा पाणी पूर्ण उकळून घ्या (आपल्याकडे पावसाळ्यात तेच बरं) आणि मग एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओता, एका ओतण्याला आठ-दहा डिग्री कमी होतात, दोनदा ओतलं की काम झालं. नुसतं भांडं ठेवून वाट बघणार असाल तर जानेवारीत पाच मिनिटांत जेवढं निवतं तेवढं मे महिन्यात निवत नाही, स्वयंपाकघरच चाळीसला असतं तेव्हा, म्हणून ओतायची पद्धत जास्त भरवशाची.

आणि सगळ्यात मोठी चूक तुमच्या त्या "चांगला रंग येईपर्यंत" मध्ये आहे. ग्रीन टीचा चांगला रंग म्हणजे फिकट पिवळा हिरवट, जवळजवळ पाण्यासारखा. आपला डोळा विटकरी रंगाला सरावलेला, त्यामुळे अजून उतरलाच नाही असं वाटून आपण थांबत राहतो आणि तिकडे कडू होत राहतो. घड्याळ बघा, रंग बघू नका.

अजून एक, आधी तुम्हाला लागतं ते कडू आहे की तुरट हे नीट ओळखा. कच्ची केळी दाताखाली आली की जीभ कशी आखडते, तो तुरटपणा, तो थोडासा ग्रीन टीत राहणारच, तोच त्याचा गुण. घशात मागे राहतं ते कडू. ते राहत असेल तर पाणी जास्त गरम होतं नाहीतर वेळ जास्त झाला.

मी रेल्वेत आहे, नाइट असते. ऑफिसात इलेक्ट्रिक किटली आहे, त्यात खळखळ उकळलेलं पाणी मिळतं आणि माझ्याकडे टी बॅगा आहेत. बॅग कपात टाकतो, काम करता करता पितो, शेवटी दोऱ्याने चमच्याला गुंडाळून पिळून घेतो, पैसे दिलेत ना. कडू लागतो.
— भुसावळ

भाऊ, तुम्ही आमच्या गावचे म्हणून स्पष्ट सांगतो, पिळणं बंद करा. बॅगेत बहुतेक वेळा मोठं पान नसतं, पान चाळल्यावर खाली जो बारीक चुरा पडतो तो असतो, आमच्या धंद्यात त्याला फॅनिंग आणि डस्ट म्हणतात. चुरा जितका बारीक तितका तो पटकन उतरतो, म्हणून बॅगेला दोन मिनिटंही जास्त होतात, एक मिनिट, फार तर सव्वा, आणि बाहेर. पिळल्यावर जे चार थेंब येतात ते सगळ्यात कडू असतात, पैसे वसूल होत नाहीत, उलट आधीचा कप बिघडतो. आणि बॅग कपात ठेवून अर्धा तास फायली बघत प्यायची म्हणजे प्रत्येक घोट आधीच्यापेक्षा कडू, हे तर होणारच.

किटलीचं पाणी गरम आहे तर सोपा हिशोब करा. कपाचा चौथा हिस्सा माठातलं प्यायचं पाणी आधी ओता, वरून तीन हिस्से उकळतं पाणी. माठातलं पंचवीस डिग्री धरलं तर मिसळून ऐंशीच्या आसपास येतं. मग बॅग सोडा. उकळतं पाणी बॅगेवर आधी ओतून मग गार पाणी घालण्यात अर्थ नाही, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

नाइटसाठी म्हणून विचारलंय तर सांगतो, यात कॅफिन असतं, दुधाच्या कडक चहापेक्षा साधारण कमी पण असतं नक्की. ड्युटी संपायच्या तासभर आधी घेतला तर घरी जाऊन आढ्याकडे बघत पडाल.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. ग्रीन टी केला की वर तेलकट साय येते आणि रंग मातकट होतो. कंपनीने भेसळ केली का?
— पारोळा

भेसळ नाही, पाणी जड आहे. तुमच्याकडे तूरडाळही लवकर शिजत नसेल आणि किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल, बघा. बोअरच्या पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं मिळून ती साय होते, दुधाच्या चहात ती दिसत नाही म्हणून आजवर लक्षात आली नाही. जड पाण्यात रंग गढूळ होतो आणि चव मंद पडते, मग माणूस काय करतो तर चव येत नाही म्हणून पत्ती वाढवतो आणि वेळ वाढवतो, आणि कडूपणा तिथून येतो. आरओ असेल तर ते पाणी घ्या. नसेल तर पाणी दहा मिनिटं चांगलं उकळून भांडं न हलवता निवू द्या, बराच चुना खाली बसतो, वरचं वरचं पाणी हलक्या हाताने काढून परत तापवा. सगळाच चुना असा जात नाही पण फरक कळतो. जळगाववाल्यांना वाघूर धरणाचं पाणी येतं, त्यांनी बोअरचं आणि नळाचं दोन्ही घेऊन शेजारी शेजारी दोन कप करून बघावेत, मी केलेत, एकाच डब्यातली पत्ती आहे यावर विश्वास बसत नाही.

काका नेमका कोणता घ्यायचा? ऑनलाइन शंभर प्रकार दिसतात, जपानी, आसाम, कांगडा, फ्लेवरवाला. आणि आजी म्हणते अंगणात हिरवा चहा आहे तर विकत कशाला आणतो.
— कॉलेज विद्यार्थी, धुळे

आजीपासून सुरू करू. आजी सांगते तो गवती चहा, तो गवताचा प्रकार आहे, त्याचा चहाच्या झाडाशी काही संबंध नाही, कॅफिन नाही, आणि तो उकळला तर छानच लागतो. सर्दी झाली की आल्यासोबत तोच घे. पण ग्रीन टी म्हणजे तो नाही, हे आजीला सांगायची हिंमत तुझी तू कर.

आता कोणता. चहाच्या झाडाच्या दोन मोठ्या जाती आहेत, एक चिनी, लहान पानाची, आणि एक आसामी, मोठ्या पानाची. आसामी पानात कॅटेचिन जास्त, त्यामुळे त्याची काळी पत्ती कडक आणि दमदार होते, आपल्या कटिंगला तेच लागतं, पण त्याच पानाचा ग्रीन टी केला की तो जरा रागीटच निघतो. स्वस्तातला बराच देशी ग्रीन टी अशा पानाचा असतो. वाईट नसतो तो, फक्त त्याला पाणी ७५ च्या वर नको आणि वेळ दीड मिनिटाच्या वर नको. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यातला माल चिनी जातीच्या झाडांचा, तो सौम्य असतो. तिथं एकोणिसाव्या शतकात मळे लागले, १९०५ च्या भूकंपात धंदा पार बसला, मग हळूहळू परत उभा राहिला आणि २००५ मध्ये कांगडा चहाला जीआय म्हणजे त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला आहे तसंच. पहिल्यांदा घेत असशील तर मी कांगडा किंवा दार्जिलिंगचा, पान मोठं असलेला, शंभर ग्रॅमचं लहान पाकीट घे म्हणेन.

जपानी सेंचा वाफेवरचा असतो, हिरवागार उतरतो, त्याला ७० ते ८०, आणि वेळ एकच मिनिट. ग्योकुरो म्हणून एक आहे, तोडणीआधी तीनेक आठवडे झाडावर सावली धरतात, तो तर पन्नास-साठ डिग्रीत करतात, महाग आहे, कॉलेजच्या पोराने नादी लागू नये. लिंबू, मध, तुळस, आलं असले फ्लेवरवाले मला विचारशील तर साध्या मालाचं तोंड झाकायला असतात, पण आवडत असेल तर पी, मी कोण.

पाकीट घेताना पॅकिंगची तारीख बघ. ताजी पत्ती हिरवी दिसते आणि वास गवतासारखा किंवा भाजलेल्या दाण्यासारखा येतो, जुनी पिवळट तपकिरी आणि तिचा वास म्हणजे रद्दीचा. दुकानात काचेच्या बरणीत उजेडात ठेवलेली घेऊ नको, हे मी दुकानदार असून सांगतोय. उजेड, हवा, ओल आणि गरमी या चारही गोष्टींनी ग्रीन टी काळ्या पत्तीपेक्षा लवकर बिघडतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत काय होत असेल विचार कर. घट्ट झाकणाचा अपारदर्शक डबा, तो गॅसच्या ओट्यावर नाही, खाली सावलीत. फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर न फोडलेलं पाकीट ठेव, आणि बाहेर काढल्यावर रूमच्या गरमीला येऊ दे मग फोड, नाहीतर आतल्या पत्तीला पाणी सुटतं. आणि फ्रिजात लसूण, कांदा, उरलेली शेवभाजी असेल तर पत्ती तो वास ओढून घेते, हे अनुभवाने सांगतोय, अख्खा पाव किलो माल गेला होता माझा.

रात्री शेवभाजी जास्त झाली की वरून ग्रीन टी घेतो, तेल कापतो म्हणतात. त्यात गूळ आणि थोडं दूध घातलं तर चालेल का?
— केळी उत्पादक, रावेर

तेल वगैरे काही कापत नाही भो, खाल्लं ते खाल्लं. जेवणावर लगेच कुठलाच चहा घेऊ नये, जेवणातलं, विशेषतः भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला तो आडवा येतो, तासभर जाऊ द्या. घरात बाईमाणसाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर हे जास्त पाळा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा ग्रीन टी सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. दूध नको, मग सरळ आपला चहाच करा. गूळ थोडा घातला तर पाप लागत नाही, पण चहा नीट केलात तर गुळाची गरजही लागणार नाही.

आमच्याकडे मार्चपासून गरम काही प्यावंसं वाटत नाही. ग्रीन टी थंड करून प्यायला तर चालतो का? गरम करून फ्रिजला ठेवला तर आणखीनच कडू लागला.
— शिक्षिका, शहादा

मॅडम, या प्रश्नाची मी वाटच बघत होतो, कारण माझ्या मते खान्देशासाठी ग्रीन टीची खरी पद्धत हीच आहे. गरम करून मग गार करायचाच नाही, गार पाण्यातच करायचा. एक लिटर प्यायच्या गार पाण्यात चार-पाच छोटे चमचे, म्हणजे आठ-दहा ग्रॅम पत्ती टाका, बाटलीचं झाकण लावा आणि फ्रिजमध्ये पाच-सहा तास ठेवा, रात्री ठेवून सकाळी गाळलं तरी चालतं. बॅगा असतील तर चार. वर सांगितलं ना की कडू द्रव्यांना गरमी लागते आणि गोडसर द्रव्य गारातही उतरतं, इथं गरमीच नाही म्हटल्यावर कडू फारच कमी येतं, कॅफिनही कमी. यात विसरून जास्त वेळ राहिला तरी फारसं बिघडत नाही, गरम ग्रीन टीत जी मिनिटामिनिटाची कटकट आहे ती इथं नाही. पुदिन्याची चार पानं टाका, लिंबू पिळायचं तर गाळल्यावर पिळा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. बाटली उन्हात ठेवून करायची पद्धत मोबाइलवर फिरते, आपल्या उन्हात होईलही तसा, पण तेवढ्या कोमट पाण्यात जंतू वाढतात, करू नका. आणि गाळलेला चहा फ्रिजमध्येच ठेवा, चोवीस तासांत संपवा, लाइट जाऊन फ्रिज बराच वेळ बंद राहिला तर सरळ टाकून द्या. माठातल्या पाण्यात करायचा तर रात्रभर नको, ग्लासात पत्ती टाकून अर्धा-पाऊण तास, गाळा आणि प्या.

तुमच्याकडून तोरणमाळ जवळ आहे म्हणून एक जाता जाता, वर हजार-अकराशे मीटरवर पाणी शंभरला न उकळता ९६ च्या आसपासच उकळतं. सहलीला पोरांना दाखवायला चांगलं आहे, ग्रीन टीला मात्र तेही जास्तच.

मनी बायको म्हनस उकळल्याशिवाय चहा कसा म्हणायचा. तिला काय सांगू?
— शिरपूर

काही सांगू नका, घरात शांतता ठेवा. होजिचा नावाचा भाजलेला जपानी ग्रीन टी मिळतो ऑनलाइन, भाजल्यामुळे त्याचा कडूपणा कमी झालेला असतो आणि तो उकळत्या पाण्यातच करतात. किंवा काश्मिरी कहवा करा, वेलची, दालचिनी, केशर पाण्यात मनसोक्त उकळू द्या वहिनींना, गॅस बंद करून दोन मिनिटांनी ग्रीन टी टाका, मग गाळून वरून बदामाचे काप. उकळल्याचं समाधान त्यांना, चव तुम्हाला.

एकदा वापरलेली पत्ती परत चालते का?
— बरेच जण

मोठं पान असेल तर चालते, दोनदा, चांगली असेल तर तीनदाही. दुसऱ्या वेळी पाणी जरा जास्त गरम आणि वेळ कमी, पान आधीच उलगडलेलं असतं. पण लागोपाठ करा, सकाळची ओली पत्ती संध्याकाळी नाही. बॅगेची परत करू नका, त्यात काही उरलेलं नसतं.

सगळं वाचून केला तरी कडू झाला, तर ओतून देऊ का?
— चाळीसगाव

नका ओतू. आधी चिमटीच्या टोकाला येईल एवढंच मीठ टाकून ढवळा, मिठाने जिभेला कडू कमी कळतं, खारट लागायच्या आत थांबा. तरी नाही जमलं तर तेवढंच गार पाणी, साखर, लिंबू, बर्फ घालून पोरांना द्या, सरबत म्हणून संपतं. आणि पुढच्या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी वेळ अर्धा मिनिट कमी, मग पाणी अजून थोडं गार, मग पत्ती कमी. तिन्ही एकदम बदललं तर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही आणि परत मलाच पत्र येतं.